दिपेशला कशाची भीती वाटायची

दिपेश मढवीला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वर्तकनगरची जुनी खोली सोडून आम्ही शीळफाट्याहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या टॉवरमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीखाली घोणस निघाली. हे अजगराचं पिल्लू आहे असं कुणीतरी ठामपणे सांगितलं आणि त्या भरवशावर एकजण खाली वाकून तिचा व्हिडिओ काढायला लागला. वॉचमनने मेसेज केला आणि थोड्याच वेळात मागच्या गावातून बाइकवर एक तरुण आला.

त्याने हेल्मेट काढलंच नाही. कुणाशी एक शब्द बोलला नाही. व्हिडिओवाल्याला हाताने मागे सारलं, पिशवीच्या तोंडाशी पाइप बांधला, गाडीशेजारी मांडी ठोकून बसला आणि नुसता बसून राहिला. लोक हैराण. पकडत का नाही हा? मग हातातल्या लोखंडी आकडीच्या एका हलक्या धक्क्याने घोणस आपली आपण पाइपात शिरली. टाळ्या वाजल्या, सेल्फीसाठी चारपाच जण पुढे सरसावले आणि तोवर हा गेटबाहेर पडलासुद्धा. मी पाण्याची बाटली घेऊन उभी होते, तिच्याकडेही त्याने पाहिलं नाही. आमच्या मजल्यावर त्या दिवशी दोन मतं पडली. काहींना तो माजोरडा वाटला, काहींना फार मोठा माणूस.

त्याची खरी ओळख झाली ती त्याच्या बायकोमुळे. समृद्धी मी शिकवते त्याच शाळेत बालवर्गाला शिकवते. तिच्याकडून कळत गेलं, पुढे दिपेशने स्वतःही सांगितलं, आणि हे सगळं लिहू का असं विचारल्यावर एक दिवस विचार करून हो म्हणाला.

मढवी म्हणजे इथले मूळचे लोक. आमचा टॉवर उभा आहे ती जमीन कधीकाळी त्यांच्या भातशेतीची. आता शेती नाही, चाळी आहेत, भाडेकरू आहेत, अंगावर सोनं आहे आणि घरात माणसांचा राबता आहे. हळदीला हजार पान उठतं. अशा घरात दिपेश जन्मला आणि लहानपणापासून गप्प राहिला. चुलतभाऊ प्रितम त्याच्याहून वर्षभराने मोठा. बोलायला लागला की समोरच्याने फक्त ऐकायचं. हळदीत माइक कायम त्याच्याच हातात. दिपेश मात्र आज्याच्या मागे मागे असायचा.

आजा म्हणजे धाकू मढवी. तरुणपणी मिठागरावर काम केलेला, मग शेती पाहिलेला, दिवसभरात मोजके शब्द बोलणारा माणूस. खाडीकडच्या बांधावर दोघं तासन्‌तास बसत. बांधावरून साप गेला तर आजा दिपेशच्या खांद्यावर हात ठेवायचा, म्हणजे हलू नकोस. सापाची भीती दिपेशला कधी वाटलीच नाही ती त्यामुळे. घरचे म्हणत, पोरगा आज्यावर गेलाय. आजा वारल्यावरही म्हणत राहिले, आणि दिपेशनेही ते मानून टाकलं.

पण शाळेत एक गोष्ट घडली होती ती घरी कुणाला ठाऊक नव्हती. आठवीत असताना परिपाठाला त्याला सुविचार आणि दिनविशेष सांगायला पुढे उभं केलं. घशातून आवाज येईना. सगळी शाळा समोर, ऊन डोक्यावर, आणि हा नुसता उभा. हसणं सुरू झालं. त्या दिवसापासून वर्गात त्याचं नाव ‘म्यूट’ पडलं, दहावीपर्यंत तेच राहिलं.

त्यानंतर तो एकेक गोष्ट सोडत गेला. दुकानात जाणं सोडलं. रिक्षात बसून स्टॉपच्या आधी ‘थांबवा’ म्हणता येईना, म्हणून पायी जायला लागला. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा चांगल्या मार्कांनी केला, पण मुलाखतीच्या दिवशी कंपनीच्या गेटवरून परत आला. मग घरच्याच चाळींची वायरिंग, पंप, मोटारी बघायला लागला. भाडं वसूल करणं थोरल्या भावाकडे, कारण त्यात बोलावं लागतं. पाहुणे आले की हा मागच्या दाराने बाहेर. आई आवडाबाई सगळ्यांना सांगायची, माझा पोऱ्या शांत आहे.

त्याने पकडलेला पहिला साप त्याला चाळीच्या पंपाच्या खोलीत भेटला. मोठी धामण होती. लोक काठ्या घेऊन यायच्या आत त्याने ती उचलून झाडीत सोडली. हे कल्याणच्या गुरुदत्त नावाच्या सर्पमित्राच्या कानावर गेलं. त्यांनी त्याला हाताखाली घेतलं, नीट शिकवलं, वनविभागाची रीतसर परवानगी मिळवून दिली. त्या दोघांची छान वाटणी होती. फोन गुरुदत्त घेणार, लोकेशन पाठवणार, दिपेश जाऊन साप आणणार. बोलायचं काम नाही. हेल्मेट असलं की चेहराही दाखवावा लागत नाही. सापासमोर बसलेला दिपेश पाहावा, असं गुरुदत्त सांगत. घाई नाही, धडपड नाही. सापाला कुठे जायचंय ते कळेपर्यंत थांबायची त्याची तयारी. नवीन पोरांत हेच नसतं, असं ते म्हणत.

मग गुरुदत्तांचे गुडघे गेले. ते ठाण्याला मुलीकडे राहायला गेले आणि जाताना सगळीकडे दिपेशचा नंबर देऊन गेले.

फोन वाजायला लागला. अनोळखी नंबर दिसला की दिपेशच्या छातीत धडधड व्हायची, तळहात भिजायचे. तो स्क्रीनकडे बघत राहायचा. वाजून थांबला की मेसेज करायचा, ‘लोकेशन पाठवा.’ बहुतेक वेळा भागायचं. लोक लोकेशन पाठवत, हा पोचायचा. समृद्धीशी तोवर लग्न झालं होतं. तिला हे दिसत होतं, पण घरात जो तो म्हणायचा की आज्यावर गेलाय, तेव्हा तिनेही काही काळ तेच धरलं.

गणपतीनंतरच्या दिवसांत दिवा स्टेशनजवळच्या एका बिल्डिंगच्या पंपाच्या खोलीत नाग शिरला. त्या दिवशी बऱ्याच खंडानंतर पाणी येणार होतं. मोटार चालू केली नाही तर वरच्या मजल्यांना पाणी मिळणार नव्हतं आणि लोक वॉचमनच्या डोक्यावर बसले होते. वॉचमनचं नाव उत्तम. पन्नाशीचा माणूस, हातात साधा बटणांचा फोन. त्याने दिपेशला फोन लावला. पुन्हा लावला. पुन्हा. इकडे दिपेश जेवणाच्या ताटावर बसून वाजणाऱ्या फोनकडे बघत होता. थांबल्यावर त्याने नेहमीचा व्हॉट्सअॅप मेसेज पाठवला, पण तो त्या फोनवर कधी पोचलाच नाही. शेवटी उत्तमने झाडूच्या दांड्याने नागाला बाजूला सारायचा प्रयत्न केला आणि स्विचकडे हात नेला. नाग हाताला चावला.

जीव वाचला. रिक्षात घालून लोकांनी त्याला सरकारी रुग्णालयात नेलं, इंजेक्शनं वेळेत मिळाली. पण उजव्या हाताच्या एका बोटाचं टोक काढावं लागलं.

गुरुदत्तांकडून हे दिपेशला कळलं. तो रुग्णालयात गेला, वॉर्डच्या दारापर्यंत पोचला आणि परत आला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या वेळी समृद्धीने त्याच्याबरोबर जायचं ठरवलं. दारातून आत शिरताना त्याने तिची ओढणी धरली होती.

खाटेवर उत्तम, शेजारी स्टुलावर त्याची बायको विमलाबाई. उत्तमने ओळख विचारली. समृद्धी बोलायला लागणार तेवढ्यात दिपेशच बोलला.

“काका, तुम्ही मलाच फोन लावलेला. फोन माझ्या समोरच होता.”

उत्तमने समजूतदारपणे विचारलं, कामात होतात का?

“नाही. जेवत होतो. मला फोन उचलता येत नाही. भीती वाटते.”

हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं. बायकोसमोरही कधी म्हणाला नव्हता. बँडेजचा हात उत्तमने जरा वर धरला आणि विचारलं, “आणि नागाची नाही वाटत?”

“नाही.”

उत्तम हसला. म्हणाला, मला तर दोन्हीची वाटते, तरी उचलतो बाबा.

विमलाबाई हसली नाही. तिने त्या दिवशी दिपेशकडे पाहिलंही नाही. आजही ती त्याच्याशी मोजकंच बोलते. तिचं बरोबर आहे असं दिपेश म्हणतो, आणि तिने बदलावं अशी अपेक्षा ठेवत नाही.

घरी आल्यावर समृद्धीने डोंबिवलीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. डॉक्टर कृतिका. दिपेश पहिल्यांदा नको म्हणाला. मी वेडा नाही, मी असाच आहे, माझा आजा असाच होता, हेच त्याचं उत्तर. त्या वेळी आवडाबाई मध्ये पडली. ती स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुजा आजा मानसांना भ्यायचा नाय. तू भ्यातस. मना ठावं हाय.” आई इतकी वर्षं शांत आहे शांत आहे म्हणत आली होती, पण तिला सगळं माहीत होतं. दिपेश दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेला.

तिथेही त्याने आज्याचीच गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी सगळी ऐकून घेतली. मग एवढंच विचारलं, “आजोबा गप्प बसायचे तेव्हा त्यांना घाम फुटायचा का?”

पुढचे काही दिवस तो तेच आठवत राहिला. आजा गावकीच्या बैठकीला जायचा. कोपऱ्यात बसायचा, सगळ्यांचं ऐकायचा. विषय त्याच्या जमिनीचा किंवा बांधाचा आला की दोन वाक्यं बोलायचा, मग पुन्हा गप्प. तिथून उठून घरी निवांत यायचा, जेवायचा, झोपायचा. घरात पाहुणे आले तर पळून जायचा नाही. राम राम करायचा, तंबाखूची डबी पुढे करायचा, आणि कंटाळा आला की सगळ्यांदेखत उठून बांधावर जायचा. मागच्या दाराने कधीच गेला नाही. त्याचं गप्प राहणं ही त्याची विश्रांती होती. दिपेशचं गप्प राहणं म्हणजे लपणं होतं. निदान अर्धं तरी. कारण बांधावर एकटा बसला की दिपेशलाही तसंच निवांत वाटायचं, हेही खरं होतं.

हे त्याने पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “बांधावर बसणं तुमचं आहे, त्याला आपण हात लावायचा नाही. आपण फक्त घामाकडे बघू.”

मला वाटतं, या एका वाक्याने दिपेश टिकला. आपल्याला ठोकूनपिटून प्रितमसारखं करणार आहेत, याच धास्तीने तो इतकी वर्षं कुणाला काही सांगत नव्हता.

मग सराव सुरू झाला. ऐकायला त्यातलं सगळं पोरकट वाटतं. टपरीवर वडापाव घ्यायचा आणि चटणी जास्त मागायची. रिक्षात बसायचं आणि योग्य जागी थांबवायला सांगायचं. गॅस एजन्सीला फोन करायचा. भीती आली की पळायचं नाही, ती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. हे शेवटचं त्याला पटकन कळलं, कारण सापासमोर तो हेच करत आला होता. पण कळणं वेगळं आणि गॅस एजन्सीच्या बाईचा “बोला” ऐकणं वेगळं. पहिल्यांदा त्याने फोन कापला. दुसऱ्यांदाही.

आणि यात मदतीला धावून आला तो उत्तम. दिपेश अधूनमधून त्याच्याकडे जायचा, हात कसा आहे बघायचा, बिल्डिंगची मोटार दुरुस्त करून द्यायचा. सराव कसला चाललाय ते कळल्यावर उत्तमने आपणहून सुचवलं की ड्युटी संपली की मी रोज तुला फोन करीन, तू उचलायचा. सुरुवातीला दिपेश घंटी वाजू द्यायचा, मग शेवटच्या क्षणी उचलायचा. बोलणार काय? उत्तम विचारायचा, तुमच्याकडे पाणी आलं का. दिपेश म्हणायचा, आलं. मग तो विचारायचा, तुमच्याकडे? उत्तम म्हणायचा, नाही. संपला फोन. दिव्यातल्या पाण्याने कित्येक महिने त्यांना बोलायला विषय पुरवला. पुढे उत्तम मुद्दाम दुसऱ्या कुणाच्या नंबरवरून फोन करायला लागला. ज्याने फोन न उचलल्यामुळे आपल्या बोटाचं टोक गेलं, त्यालाच फोन उचलायला शिकवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

सरळ चढ नव्हता तो. एकदा ठाण्यात एका बंगल्यात लग्नाचे पाहुणे जमलेले असताना दिपेश साप पकडायला गेला. हेल्मेट काढून. पन्नासएक मोबाइल त्याच्यावर रोखले गेले आणि जुना घाम पुन्हा फुटला. तो उठून बाहेर बाइकपाशी गेला आणि तिथेच बसून राहिला. आत साप, बाहेर हा. मग परत आत गेला आणि मोठ्याने म्हणाला की तुम्ही सगळे खोलीबाहेर गेल्याशिवाय मला काम करता येणार नाही. लोक निमूट बाहेर गेले. सांगितलं की लोक ऐकतात, ही त्याच्यासाठी बातमी होती.

याच सुमारास मी त्याला आमच्या शाळेत बोलावलं. सातवी-आठवीच्या मुलांना सापांची माहिती द्यायला. समृद्धीने आधीच बजावलं होतं, ताई, नाही म्हणाला तर आग्रह करायचा नाही. तो हो म्हणाला. ज्या वयात त्याची वाचा गेली होती, त्याच वयाची मुलं समोर बसली होती. तो उभा राहिला आणि आवाज फुटेना. मी उठणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, “मला बोलताना भीती वाटते. थोडं थांबा, बोलतो.”

मुलं थांबली. एकही हसलं नाही. मला वाटतं, त्यातल्या काहींनी श्वास रोखला होता, कारण ते स्वतःही तसेच होते. मग तो बोलला. मण्यार कशी ओळखायची, चावल्यावर काय करायचं, काय करायचं नाही. भाषण म्हणून ते फार चांगलं नव्हतं. मधेच अडकायचा, खाली बघायचा. पण मुलांनी एकेक शब्द टिपून घेतला. नंतर एक मुलगी, जी वर्गात कधीच हात वर करत नाही, ती त्याच्याजवळ जाऊन हळूच काहीतरी विचारून आली. काय विचारलं ते मी तिला विचारलं नाही.

गेटपर्यंत सोडायला गेले तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. बरं वाटत नाही का, असं विचारलं. तो म्हणाला, “दमलो, मॅडम. पण घाबरलेलो नाही. हे दोन्ही वेगळं असतं ते आत्ता आत्ता कळायला लागलंय.” मग त्याने फोन समृद्धीकडे दिला, फोन आला तर तू घे म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत खाडीकडे जाऊन एकटाच बसला. त्या दिवशी ते लपणं नव्हतं.

पुढे महापालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले तेव्हा गावातल्या जाणत्यांना वाटलं की दिपेशला उभं करावं. आता त्याला पंचक्रोशी ओळखत होती, नाव स्वच्छ होतं. प्रितम पुढे होऊन चारचौघांना घेऊन शाल-नारळासह घरी आला. आवडाबाईची नजर मागच्या दाराकडे गेली, हे समृद्धीने पाहिलं. दिपेश मात्र बैठकीत बसला. सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. कारण सांगितलं नाही.

प्रितमला राग आला. “अजून घाबरतोस काय रे?”

“नाय रे. आधी घाबरायचो तेव्हा मला काय आवडतं तेच कळायचं नाही. आता कळतं. मला हे नाही आवडत.”

एवढं बोलून त्याने पाहुण्यांना आणखी चहा विचारला. जाणते लोक थोडे हिरमुसले, पण त्या नाहीवर कुणाला जोर करता आला नाही. दुसराच उमेदवार ठरला.

त्यानंतर काही दिवसांनी प्रितम एकटाच आला. बाहेर ओट्यावर बसला आणि नेहमीसारखं बोलेना. दिपेशही शेजारी बसला. त्याने काही विचारलं नाही, नुसता थांबून राहिला. बऱ्याच वेळाने प्रितम सांगायला लागला. हळदीत माइक हातात घ्यायच्या आधी त्याचे हात बर्फासारखे गार पडतात. लोक हसले नाहीत तर काय, हा विचार दिवसभर पोटात असतो. पेग घेतल्याशिवाय तो स्टेजवर चढूच शकत नाही, आणि आता ते पेग वाढत चाललेत. माणसांशिवाय त्याला करमत नाही, एकटं बसवत नाही, आणि तीच माणसं समोर आली की धडकी भरते. हे प्रितमनेच मला सांगितलं, लपवण्यासारखं काही नाही म्हणाला. आम्ही सगळे इतकी वर्षं गप्प माणसाकडे बघून भीती शोधत होतो. ती बोलक्या माणसातही बसलेली असते, हे त्याच्याकडे बघून कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दिपेशने त्याला सल्ला दिला नाही. डॉक्टर कृतिकांचा नंबर काढला, आणि प्रितम फोन लावायला कचरतोय हे पाहून स्वतःच लावला. स्वच्छ आवाजात नाव सांगितलं, वेळ घेतली. ठरल्या दिवशी तो प्रितमबरोबर डोंबिवलीला गेला. प्रितम आत असेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिला, कुणाशी न बोलता, आरामात.